लायसन्स परत कधी मिळतं? एक शब्द, तीन देश

तुलनात्मक संशोधनाचं प्रपोजल लिहिताना एक खड्डा हमखास लागतो. दोन देशांत एकाच नावाची गोष्ट दिसते आणि आपण ती एकच धरून चालतो. वाहतुकीची ‘पॉइंट सिस्टीम’ घ्या. नियम मोडला की चालकाच्या खात्यावर पॉइंटची नोंद होते आणि ठरावीक आकडा गाठला की लायसन्स जातं. इथपर्यंत ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स सारखेच वाटतात. गेलेलं लायसन्स परत कसं मिळतं, हे विचारलं की फरक दिसायला लागतो.

ब्रिटनमध्ये 1962 च्या कायद्यात सरळ मोजणी होती. तीन वर्षांत लायसन्सवर तिसरा शेरा पडला की सहा महिने बंदी. शेरा किरकोळ चुकीचा असो की मोठ्या, मोजताना दोन्ही एकच. 1981 च्या कायद्याने चुकांना वजन दिलं आणि 1982 पासून पॉइंट सुरू झाले: तीन वर्षांत 12 झाले तर किमान सहा महिने बंदी. मुदत संपली की अर्ज करायचा, लायसन्स मिळतं (कोर्टाने फेरपरीक्षा सांगितली नसेल तर). जुने 12 पॉइंटही पुढच्या हिशोबात धरत नाहीत. बंदीमुळे असाधारण हाल होतील असं कोर्टाला पटवलं तर बंदी टळूही शकते. म्हणजे ही सरळसरळ शिक्षा आहे: भोगली, संपली.

जर्मनीची गोष्ट जास्त रंजक आहे. डेन्मार्कच्या सीमेजवळ फ्लेन्सबुर्ग नावाचं गाव आहे. तिथल्या केंद्रीय वाहन कार्यालयात 1958 पासून देशभरातल्या चालकांच्या चुकांची नोंद ठेवली जाऊ लागली. पॉइंट आले 1974 मध्ये. म्हणजे सोळा वर्षं नुसता डेटा साठत होता, त्याची मोजपट्टी नंतर आली. (आपल्या लॅबमध्येही हेच चालतं म्हणा!) 18 पॉइंटला लायसन्स रद्द. 2014 मध्ये सगळी पट्टी बदलली आणि ही मर्यादा 8 वर आली.

पण इथे नुसते सहा महिने काढून भागत नाही. नव्याने अर्ज करावा लागतो आणि बहुतेकदा वैद्यकीय-मानसशास्त्रीय तपासणीला सामोरं जावं लागतं. हे असं का झालं आणि त्यानंतर तुमच्यात काय बदललं, असं तिथे विचारतात. लोक तिला ‘इडियोटेनटेस्ट’, म्हणजे मूर्खांची परीक्षा म्हणतात. 2014 मध्ये त्या नोंदवहीचं नावही बदललं. नव्या नावाचा अर्थ होतो ‘वाहन चालवण्याच्या पात्रतेची नोंदवही’. त्याच सुधारणेत, प्रदूषण-नियंत्रित क्षेत्रात परवान्याशिवाय गाडी नेण्याबद्दलचे पॉइंट काढून टाकले. त्या चुकीवरून माणूस गाडी कशी चालवतो हे कळत नाही, हे त्यामागचं कारण. दंड मात्र राहिला. थोडक्यात, जर्मन पॉइंट हा चालकाबद्दलचा पुरावा आहे.

फ्रान्सने 1 जुलै 1992 ला उलटा हिशोब आणला: आधी पॉइंट द्यायचे, मग कापायचे. सुरुवातीला फक्त 6. ट्रकचालकांनी देशभर महामार्ग अडवले. त्यांची भीती खरी होती, लायसन्स गेलं की नोकरीच गेली. शिवाय जो वर्षभर रस्त्यावरच असतो त्याला चूक करायची संधीही जास्त, आणि मर्यादा मात्र सगळ्यांना एकच. आपल्या भाषेत ‘एक्सपोजर’ धरलंच नव्हतं. अडथळे हटवायला लष्कराची वाहनं आणावी लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस 6 चे 12 झाले. पॉइंट शून्यावर आले की लायसन्स रद्द होतं, सहा महिने नवं मिळत नाही, मग वैद्यकीय आणि मानसिक चाचणी, शिवाय लेखी परीक्षा पुन्हा. नवख्या चालकाला गाडी चालवण्याचीही परीक्षा पुन्हा द्यावी लागते. पण वेळीच दोन दिवसांचा कोर्स केला तर 4 पॉइंटपर्यंत परत मिळतात, आणि कोर्सची फी खिशातून भरायची. शिक्षा, शिक्षण आणि पाकीट, तिन्ही एकत्र.

आता समजा, लायसन्स परत मिळालेले चालक पुन्हा किती चुका करतात, हे तुम्हाला ब्रिटन आणि जर्मनीत ताडून बघायचंय. जर्मनीतला चालक चाळणीतून आलेला असतो, ब्रिटनमधला बहुधा फक्त मुदत संपवून. जर्मनीत चुका कमी दिसल्या, तर तपासणीने माणूस सुधारला की न सुधारलेला बाहेरच राहिला, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. त्यासाठी तपासणीत नापास झालेले आणि भीतीने अर्जच न केलेले, हे दोन्ही गट डेटामध्ये हवेत.