शर्यतीचे गिअर तेल

शर्यतीच्या मोटारगाडीच्या गिअरबॉक्समध्ये व डिफरन्शियलमध्ये वापरले जाणारे कृत्रिम वंगणतेल. एंजिनातील तेलाला जळणाची काजळी पोटात घ्यावी लागते. गिअर तेलाला ते काम नाही. त्याचे काम एकच, पण कठीण असते : दात दातावर दाबून घासत असताना दोन पोलादांच्या मध्ये टिकून राहणे.

हे काम खरे अवघड झाले ते हायपॉइड दात्यांमुळे. अमेरिकेतील ग्लीसन कंपनीने घडवलेली ही दातेचक्रे पॅकार्डने 1926 मध्ये मोटारीच्या मागील आसात आणली. यात पिनियन (लहान दातेचक्र) क्राउनच्या (मोठ्या दातेचक्राच्या) मध्यरेषेच्या खाली बसते, त्यामुळे प्रॉपेलर शाफ्ट खाली येतो आणि गाडीही बुटकी करता येते. मात्र हे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, तर लांबीच्या दिशेने घसरतातही आणि त्या घसरणीत तेलाचा थर फाटतो. म्हणून तेलात गंधक व फॉस्फरस यांची संयुगे मिसळतात. दात्याचा जो बिंदू भयंकर तापतो नेमका तेथेच गंधकाचा लोखंडाशी संयोग होऊन सल्फाइडाचा पातळ थर बनतो. झिजतो तो थर; पोलाद वाचते. गिअर तेलाचा उग्र वास या गंधकाचाच.

तापलेल्या तेलातील हेच गंधक पितळ व काशाला खाते, आणि गिअर बदलताना चक्रांचा वेग जुळवणाऱ्या सिंक्रोनायझरच्या रिंगा बहुधा पितळी मिश्रधातूच्या असतात. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गवारीत जीएल-5 हे तेल हायपॉइडसाठी असून जीएल-4 सौम्य आहे. आकडा मोठा म्हणून तेल सरस, हा समज गिअरबॉक्सच्या मुळावर येतो. सुबारू इंप्रेझासारख्या रॅलीत गाजलेल्या गाडीत गिअरबॉक्स आणि पुढचे हायपॉइड डिफरन्शियल एकच तेल वापरतात. तेथे पोलाद आणि पितळ या दोघांनाही मानवेल असे तेल निवडावे लागते. डॉग-रिंगांच्या शर्यती गिअरबॉक्समध्ये सिंक्रोनायझर नसतोच, त्यामुळे ही काळजी बरीच कमी होते; पण गिअर टाकताना बसणारा हादरा सोसण्याची ताकद तेलात हवी.

आधारद्रव्य म्हणून पॉलिअल्फाओलेफिने किंवा एस्टरे घेतात, कधी दोन्ही एकत्र. एस्टराचे रेणू ध्रुवीय असल्याने धातूला चिकटून राहतात. एरंडेल हे निसर्गातील एस्टरच, आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी शर्यतीच्या एंजिनांत ते मानाने वापरले जाई. कॅस्ट्रॉल हे नाव त्याच्या इंग्रजी नावावरूनच आले. एरंडेलापासून मिळणाऱ्या सेबॅसिक आम्लाची एस्टरे पुढे जेट विमानांच्या एंजिनांत गेली. या एरंडीचे जगातील सर्वाधिक उत्पादन भारतात, मुख्यतः गुजरातेत होते.

श्यानता (दाटपणा) 75डब्ल्यू-90 अशा खुणेने दाखवतात. 100° से.ला 90 या दर्जाची श्यानता 13.5 ते 18.5 सेंटिस्टोक असते. ही मोजपट्टी एंजिन तेलाच्या मोजपट्टीहून वेगळी आहे. गिअर तेलातील 90 साधारण एंजिन तेलातील 40 ते 50 इतकेच दाट असते. साध्या खनिज तेलाची श्यानता तापमानाबरोबर झपाट्याने बदलते, म्हणून त्यात लांब साखळ्यांची बहुवारिके घालतात. पण दात्यांच्या कात्रीत या साखळ्या तुटतात आणि तेल कायमचे पातळ होते. पॉलिअल्फाओलेफिनाचा श्यानता निर्देशांक मुळातच 120च्या वर असल्याने त्याला अशा टेकूची गरज कमी लागते. कृत्रिम तेलाची शर्यतीतील किंमत माझ्या मते येथेच वसूल होते. मात्र तेल गरजेपेक्षा दाट घेतले तर ते घुसळण्यातच एंजिनाची शक्ती खर्च होते आणि तेल आणखी तापते.

अतिनिसरडे तेलही चालत नाही. लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलच्या क्लच प्लेटा घर्षणावरच चालतात. रस्त्यावरच्या गाडीत त्या वळणावर खडखडू नयेत म्हणून तेलात घर्षण सौम्य करणारे द्रव्य घालतात. शर्यतीत दोन्ही चाके घट्ट जखडलेली हवी असल्याने पुष्कळ चमू ते द्रव्य टाळतात. कॅलिफोर्नियातील रेड लाइन कंपनीची ‘एनएस’ खुणेची तेले या द्रव्याविना मिळतात. सिंक्रोनायझरची पकडही अशा तेलात लवकर बसते.

शर्यतीनंतर तेल काढताना निचऱ्याच्या बोल्टवरचे लोहचुंबक पाहतात. त्यावर करडी, लोण्यासारखी मऊ भुकटी जमणे स्वाभाविक आहे. नखाला टोचणारे तुकडे मिळाले तर दाता तुटला असे समजावे आणि गिअरबॉक्स उघडल्याखेरीज पुन्हा गाडी उतरवू नये.