रिकाम्या अ‍ॅरेवर लूप किती वेळा फिरते?

उत्तर सोपं वाटेल: एकदाही नाही. अ‍ॅरेत काहीच नसेल तर फिरायचं कशावर? पण या उत्तरापर्यंत पोचायला प्रोग्रॅमिंग भाषांना बरीच वर्षं लागली, आणि काही ठिकाणी ते आजही गृहीत धरता येत नाही.

आयबीएमची फोरट्रॅन १९५७ साली आली, ती मुख्यतः शास्त्रीय आकडेमोडीसाठी. अ‍ॅरेची मोजणी १ पासून. तिच्या १९६६ च्या मानकात अट होती की लूपची सुरुवात शेवटापेक्षा मोठी नसावी. म्हणजे ‘१ ते ०’ असं लिहायचंच नाही. तरी तसं झालं तर? बरेच कंपायलर शेवट आला का हे फेरी संपल्यावर तपासायचे. त्यामुळे नसलेल्या घटकावर एक फेरी होऊनच जायची. शून्य फेऱ्यांची सोय फोरट्रॅन ७७ मध्ये झाली आणि शून्य लांबीच्या अ‍ॅरेला मान्यता मिळाली ती फोरट्रॅन ९० मध्ये.

अ‍ॅरेच्या हद्दीबाहेरचा इंडेक्स दिला तर काय, हा याचाच जुळा प्रश्न. टोनी होअर यांच्या एलियट कंपनीतल्या अल्गोल कंपायलरमध्ये प्रोग्रॅम चालताना प्रत्येक इंडेक्स तपासला जायचा. वेग वाढवण्यासाठी ही तपासणी बंद करायची का, असं पुढे ग्राहकांना विचारलं, तर सगळ्यांनी नको म्हटलं. अशा चुका किती होतात हे त्यांनी अनुभवलं होतं. होअर यांनी हे १९८० च्या ट्युरिंग व्याख्यानात सांगितलंय. सी भाषेने उलटी वाट धरली: इंडेक्स म्हणजे सुरुवातीच्या पत्त्यापासून किती घरं पुढे, बस. तपासणी नाही. १९८८ च्या मॉरिस वर्मने ५१२ बाइट्सची अशीच एक हद्द ओलांडून यंत्रांमध्ये शिरकाव केला.

१९८२ मध्ये डाइक्स्ट्रा यांनी एका छोट्या टिपणात नीटस तोड मांडली. मोजणी ० पासून करा; सुरुवात धरा, शेवट धरू नका. मग दोन्ही टोकांची वजाबाकी म्हणजेच लांबी, आणि टोकं सारखी असली की रिकामं. पायथॉनची रेंज अशीच चालते.

आर मात्र १ पासून मोजते आणि दोन्ही टोकं धरते. तुम्ही ‘१ ते लांबी’ असं लूप लिहिलंत आणि व्हेक्टर रिकामा निघाला, तर ‘१:०’ चा अर्थ होतो १ आणि मग ०. लूप दोनदा फिरतं! साध्या व्हेक्टरमध्ये पहिला घटक मागितला तर एनए मिळतं, एरर येत नाही. फोरट्रॅनचा जुना खड्डा, फक्त नव्या रस्त्यावर. म्हणून तिथे ‘सेक अलाँग’ वापरा.

आता समजा, तुम्ही पावसाच्या नोंदी फिल्टर केल्या आणि एका केंद्राची त्या महिन्यात एकही नोंद उरली नाही. रिकाम्या यादीची बेरीज पायथॉन आणि आर दोन्हींत ० येते. गणिताने ते बरोबरच आहे. पण तुमच्या तक्त्यात ते ० ‘पाऊस पडला नाही’ असं वाचलं जाईल, आणि खरं तर तिथे मोजणीच झालेली नव्हती. हा फरक कुठलीही भाषा तुमच्यासाठी ओळखणार नाही. त्यामुळे बेरजेच्या आधी लांबी तपासा, आणि नवीन फंक्शन लिहिलं की त्याला सगळ्यात आधी रिकामी यादी देऊन बघा.