सिवनीचे अरण्य आणि डिस्नीचा वानरराजा

जबलपूरहून नागपूरच्या वाटेने निघाले, की दीडशे किलोमीटरच्या आत सिवनी लागते. १८१७-१८ च्या इंग्रज-मराठा युद्धापर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. जगाला मात्र सिवनी ठाऊक आहे ती रडयार्ड किपलिंगच्या १८९४ सालच्या 'जंगल बुक'मुळे. किपलिंगने वर्णनासाठी मुख्यतः स्टर्नडेलच्या १८७७ सालच्या सिवनीविषयक ग्रंथाचा आधार घेतला. आणि लांडग्यांनी वाढविलेल्या मुलांच्या हकिकती त्यापूर्वीच, १८५२ साली, स्लीमनने पुस्तिकेच्या रूपाने छापल्या होत्या. हा तोच स्लीमन, ज्याची ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून जबलपुरात ख्याती आहे.

या कथांवरून डिस्नी कंपनीने १९६७ मध्ये व्यंगचित्रपट काढला. त्यातील वानरांचा राजा लुई हा वादाचा विषय ठरला. किपलिंगच्या बंदरलोगांना मुळी राजाच नाही. शिवाय ओरांगउटान हा प्राणी भारतात आढळत नाही. असे असता, जाझच्या ठेक्यावर नाचणारा आणि मनुष्य होण्यासाठी आसुसलेला आळशी वानर निर्माण करण्यात आला, तो अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचा लढा ऐन भरात असताना. हा वानर म्हणजे कृष्णवर्णीयांचे विडंबन होय, हा टीकाकारांचा आक्षेप केवळ हळवेपणातून आलेला आहे, असे म्हणता येणार नाही.

अशा कृतींचे पुनःप्रकाशन करावे की करू नये, या प्रश्नाला त्याच कंपनीने दोन उत्तरे दिली आहेत. 'साँग ऑफ द साउथ' हा १९४६ चा चित्रपट १९८६ नंतर अमेरिकेतील चित्रगृहांत आला नाही आणि तेथे त्याची घरगुती चित्रफीतही निघाली नाही. 'जंगल बुक' मात्र दाखविला जातो. केवळ त्याच्यासोबत, काही समाजांचे अनुचित चित्रण त्यात असल्याची सूचना दिली जाते. २०२० मध्ये ही सूचना अधिक स्पष्ट शब्दांत लिहिली गेली. यांपैकी दुसरा मार्ग मला योग्य वाटतो. कपाटात कुलूपबंद ठेवलेल्या कृतीविषयी केवळ ऐकीव मते उरतात, आणि अभ्यासकाला ती तपासता येत नाहीत.

तरीही ही सूचना सिवनीच्या बाजूने वाचली, की अपुरी वाटते. जे पडद्यावर आहे त्याची ती दखल घेते. जे गाळले त्याची घेत नाही. या अरण्याचे मूळ रहिवासी गोंड. राणी दुर्गावतीचे गढा-मंडल्याचे राज्य त्यांचेच. चित्रपटात एकही गोंड नाही. त्याऐवजी आहे तो हत्तींचा कर्नल, शौर्यपदक मिळविल्याची फुशारकी मारणारा आणि अरण्यातून कवायत करविणारा. प्रेक्षकाने त्याला हसावे, इतकीच अपेक्षा.

किपलिंगच्या कथेत तर मेस्सुआ आणि तिचा पती गावकऱ्यांच्या जाचातून सुटण्यासाठी कान्हीवाड्याच्या इंग्रजांकडे न्याय मागावयास धावतात. इंग्रज पुराव्यावाचून कोणास मारीत नाहीत, अशी त्यांची श्रद्धा! प्रत्यक्षात १८ सप्टेंबर १८५७ रोजी जबलपुरात गोंड राजा शंकरशहा आणि त्याचा पुत्र रघुनाथशहा यांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. देवीला शत्रुसंहाराची विनवणी करणारे एक काव्य त्यांच्याविरुद्धच्या पुराव्यात मोडत होते. या घटनेनंतर चाळीस वर्षांच्या आतच ती कथा लिहिली गेली. तिच्या नव्या आवृत्तीला प्रस्तावना जोडावयाची तर तीत ही तारीख यावयास हवी. आणि कथा मात्र एक शब्दही न वगळता छापावी, कारण ती श्रद्धा किती सहजपणे लिहिली गेली, हेच तर वाचकाला दिसले पाहिजे.

चित्रपटात सिवनीचे एकच माणूस शेवटी येते: पाण्याला आलेली, डोक्यावर घडा घेतलेली मुलगी. तिच्यामागे मोगली गावात जातो. १९६७ मध्ये तिला नाव नव्हते. २००३ च्या उत्तरभागात ते देण्यात आले.