एका किलोमीटरच्या आतली कोंबडी

फेब्रुवारी २०२२. शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत एका पोल्ट्रीतल्या शंभरेक कोंबड्या अचानक मेल्या. तपासणीत बर्ड फ्लू निघाला आणि एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारायचा आदेश आला. सगळे म्हणजे सगळे. शेडमधले बॉयलर आणि पडवीतल्या खुराड्यातली गावठीसुद्धा. रोग अडवायचा तर ते करावंच लागतं, त्याबद्दल वाद नाही. पण आपल्या गावठी कोंबडीची सरकारदरबारी आठवण दोनदाच होते, एकदा पशुगणनेत आणि एकदा अशी. म्हणून तिचा थोडा इतिहास लिहितोय.

ती आपल्याकडे पाहुणी नाही. माहुली, तानसा, माळशेजच्या जंगलात पहाटे ओरडतो तो राखी रानकोंबडा. जगभरच्या कोंबड्यांचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा, हे खरं. पण २००८ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की कोंबडीच्या पिवळ्या कातडीचं जनुक या राखी रानकोंबड्याकडून आलंय. म्हणजे अमेरिकेतल्या पिवळ्या पायांच्या कोंबडीतही थोडा सह्याद्री आहे!

पाहुणी आहे ती टर्की. मूळची मेक्सिकोकडची, पोर्तुगिजांच्या जहाजांतून आली. १६१२ साली जहांगीर बादशहाच्या मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेल्या नवलाईच्या वस्तूंत एक टर्की होती. तिच्या डोक्याचे बदलते रंग बघून बादशहा इतका चकित झाला की त्याने आठवणींत तिचं वर्णन लिहिलं आणि उस्ताद मन्सूरकडून चित्र काढून घेतलं. तेव्हा वसई-साष्टी पोर्तुगिजांकडेच होती, तरी चारशे वर्षांत टर्की आपल्या अंगणात काही रुळली नाही. कारण साधं आहे. टर्कीची अंडी २८ दिवसांनी फुटतात, कोंबडीची २१. पिल्लं सुरुवातीला आपणहून खात नाहीत, त्यांना उकडलेलं अंडं कुस्करून भरवावं लागतं, खाद्यही जास्त प्रथिनांचं लागतं. मोठी झाली की मात्र पाला-गवतावर बरीच भागते. आणि कोंबड्यांत मोकळी सोडली तर कोंबड्यांकडून येणाऱ्या ‘ब्लॅकहेड’ने मरते. कोंबडीला सहसा फारसं काही न करणारा हा रोग टर्कीचं यकृत खातो. फार्महाऊसवर हौसेने टर्की आणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा.

गावठीचं तसं नाही. सकाळी मूठभर कण्या किंवा भाताचा तूस-कोंडा, दिवसभर उकिरडा, पिल्लांना वारुळातली उधई. खर्च जवळपास शून्य. वर्षाला पन्नास-साठच अंडी देते, पण खुडूक झाली की स्वतः बसते आणि स्वतः पिल्लं काढते. आणि पैसा कुणाचा? घरातल्या बाईचा. आखाडात, गटारीच्या आधी, मुरबाडच्या बाजारात दोन कोंबडे विकले की पोरांच्या वह्या-पुस्तकांचं भागतं. नवऱ्याला विचारावं लागत नाही.

१९७१ मध्ये पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू झाली आणि पुढच्या काळात कोंबडी हा कारखान्याचा माल झाला. पिल्लू, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, वीज आणि राबणं शेतकऱ्याचं. सहा आठवड्यांत गाडी येते. मुंबई जवळ असल्यामुळे आपल्या दोन्ही तालुक्यांत ते जमलं, कित्येक घरं त्यावर चाललीत, नावं ठेवायचं कारण नाही. पण परसातल्या कोंबडीसाठी योजना आल्या, त्यासुद्धा तिच्या जागी दुसरी आणायच्या. बेंगळुरूची गिरिराज, हैदराबादची वनराजा. अंडी जास्त, वजन जास्त. फक्त त्या खुडूक फारशा बसत नाहीत. म्हणजे पिल्लं दरवेळी विकतच आणायची. आमच्या म्हाताऱ्या म्हणायच्या, "जी बसत नाय ती कोंबडी कसली?" तेव्हा हसायचो.

गावठीला खरं मारते ती मानमोडी. पुस्तकी नाव राणीखेत, कारण १९२७ च्या सुमारास ती कुमाऊंतल्या राणीखेतला सापडली. तिची लस मुक्तेश्वरच्या सरकारी संस्थेत १९४० च्या दशकातच तयार झाली. मग आजही उन्हाळ्यात पाड्यावरची खुराडी रिकामी का होतात? कारण लसीची कुपी येते शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची. थंडीतच ठेवावी लागते, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. शेडवाल्याला ते बरोबर बसतं. बारा कोंबड्यांच्या कातकरी-ठाकर बाईने काय करायचं? दवाखाना तालुक्याला, फ्रीज नाही, आणि ८८ डोस फेकायचे.

यावर उपाय अगदी साधा आहे. महिन्याचा एक वार ठरवायचा, पाड्यावरच्या दहा-बारा घरांची एक कुपी, बर्फाच्या डब्यातून आणायची, संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्या की डोळ्यात-नाकात थेंब टाकायचे. गावातली एखादी बचतगटाची बाई अर्ध्या दिवसात शिकते. येत्या ग्रामसभेत हा विषय मी लेखी देतोय. शहापूर-मुरबाडमध्ये कुठे हे आधीच सुरू असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव टाका, येऊन बघतो.