विद्येचा वारसा

मृत्युपत्राने घर देता येते, शेत देता येते. विद्या देता येत नाही. वारसाहक्काचा कायदा या ठिकाणी मुका होतो. म्हणून जपानमधील मोरिहेई उएशिबा यांचे पुत्र किश्शोमारू यांचे चरित्र विचारार्ह वाटते.

मोरिहेईंनी जुन्या जुजुत्सूतून आयकिडो ही स्वसंरक्षणाची विद्या घडविली. बळाशी बळाने न झुंजता प्रतिपक्ष्याच्या वेगालाच वळण द्यावयाचे, हे तिचे मर्म. १९३१ मध्ये त्यांनी टोकियोत आखाडा उभारला. पण तेथे शिफारस आणणाऱ्या निवडक शिष्यांसच प्रवेश असे. १९४२ मध्ये ते इवामा गावी राहावयास गेले आणि आखाड्याचा भार एकविशीतल्या पुत्रावर पडला.

१९४५ च्या बॉम्बवर्षावातून आखाडा वाचला. बेघर कुटुंबे तेथे आश्रयास आली. पराभवानंतर युद्धविद्यांवर निर्बंध आले. किश्शोमारूंनी नोकरी करून चरितार्थ चालविला आणि शिकवणी तगविली. १९४८ मध्ये संस्थेस सरकारमान्यता मिळाली. १९५६ मध्ये, पित्याच्या संमतीने, एका मोठ्या दुकानाच्या गच्चीवर जाहीर प्रात्यक्षिके झाली. मोजक्यांची विद्या सर्वांची झाली.

पुत्राने विद्येची धार बोथट केली, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नसेल. परंतु मूठभरांपाशीच राहिलेली विद्या त्या पडझडीत टिकली असती काय? १९६९ मध्ये पिता निवर्तला. १९९९ मध्ये पुत्रही गेला, आणि नातू मोरितेरू गादीवर आला. गादी जन्माने मिळाली खरी. विद्या मात्र प्रत्येकास नव्यानेच कमवावी लागली.