घर में कौन बीमार है?

भिवंडीच्या तीन बत्ती मार्केटमध्ये मोसंबी मागितली की फळवाला वजन करता करता विचारायचा, “घर में कौन बीमार है?” मी तेव्हा शाळेत होतो, नव्वदीचं दशक होतं. त्या प्रश्नात आगाऊपणा नव्हता, अनुभव होता. केळी घरातल्या सगळ्यांसाठी, कलिंगड उन्हाळ्यासाठी, आंबा परवडेल तेव्हा. मोसंबी मात्र पेशंटसाठी. टायफॉइड, कावीळ, बाळंतपण, ऑपरेशन. यातलं काही नसताना कुणी घरी ज्यूस काढला असता, तर आजीने कपाळाला हात लावून पाहिला असता.

आज माझ्या वयाची निम्मी मुलं सकाळी बीट-गाजर-आवळा पिऊन कामाला निघतात आणि त्यांना काहीही झालेलं नसतं. हा बदल कसा झाला, याचा शोध घेताना मला वाटलं होतं की गोष्ट फळांची निघेल. ती निघाली आजाराची आणि विजेची.

आधी शब्द बघा. उसाचा रस म्हणतो, आमरस म्हणतो, नारळाचा रस म्हणतो. पण मोसंबीचा ‘ज्यूस’. उसाचा ज्यूस कुणी मागितला तर रसवंतीवाला हसेल. मला वाटतं, ज्या गोष्टी आपण पूर्वीपासून चरकात घालून, हाताने पिळून काढत होतो त्यांना ‘रस’ हा शब्द राहिला. ज्या दवाखान्याच्या वाटेने आल्या त्यांना ‘ज्यूस’ चिकटला. मोसंबी हे नावच मोझांबिकवरून पडलं असं सांगतात. पोर्तुगीजांच्या बोटींचा माग त्यात आहे.

पिळणं मात्र आपल्याला नवं नव्हतं. ठाणे जिल्ह्याच्या या खाडीकाठच्या पट्ट्यात, आगरी-कोळी घरांत आणि कोकणी मुसलमानांच्या घरांत, नारळ खवून पाट्यावर वाटायचा, कोमट पाणी घालायचं आणि फडक्यातून पिळायचं, हे रोजचं काम. पहिलं दूध घट्ट, दुसरं पातळ. कैरी उकडून पन्हं, आमसुलं भिजवून सरबत. या सगळ्यात एक गोष्ट समान होती: करणाऱ्या बाईचा हात त्या रसात बुडालेला असायचा आणि वाढण्याआधी ती एक थेंब तळहातावर घेऊन चाखायची. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता ज्यूस औषध कधी झाला? आजारी माणसाला पातळ, गोड, पचायला हलकं काही द्यावं ही समजूत जुनीच. पण मोसंबी-संत्र्याच्या ग्लासाला जी प्रतिष्ठा आली तिच्यात पुण्याच्या दोन बंदिवासांचा वाटा आहे, असं माझं मत. २० सप्टेंबर १९३२ला गांधीजींनी येरवडा तुरुंगात उपोषण सुरू केलं. पुणे करार झाला, आणि २६ तारखेला कस्तुरबांच्या हातून संत्र्याचा रस घेऊन त्यांनी ते सोडलं. पुढे १० फेब्रुवारी १९४३पासून आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचं उपोषण. हे ‘शक्तीप्रमाणे’ होतं, मरेपर्यंतचं नव्हतं, म्हणून पाणी घशाखाली उतरावं यासाठी त्यात लिंबूवर्गीय फळांचा रस चालेल, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. मधल्या दिवसांत प्रकृती इतकी ढासळली की ते वाचतील असं डॉक्टरांनाही वाटेना. त्यानंतर पाण्यात मोसंबीचा रस घालू लागले. ते तरले. ३ मार्चला उपोषण सुटलं, तेही संत्र्याच्या रसावर.

सगळा देश त्या ग्लासाकडे डोळे लावून होता. तेव्हापासून आजतागायत, प्रांत कार्यालयासमोर मांडव टाकून बसलेल्या कार्यकर्त्याचं उपोषण भाकरीने सुटत नाही, ज्यूसनेच सुटतं, आणि तो देतानाचा फोटो निघतो. मरणाच्या दारातून परत आणणारं पेय, ही ज्यूसची ओळख अशी पक्की झाली. १९४६मध्ये गांधीजींनी पुण्याजवळच्या उरुळीकांचनला निसर्गोपचाराचं काम सुरू केलं आणि मणिभाई देसाईंनी तो आश्रम पुढे अनेक वर्षं चालवला. अशा निसर्गोपचारवाल्यांमुळे फळांच्या जोडीला भाज्याही ग्लासात आल्या: कोहळा, गाजर, दुधी.

पण ग्लासात येणं सोपं नव्हतं. गाजराचा रस हाताने काढून बघा. पाव किलो गाजर किसायचं, धुतलेल्या पंचात बांधून पिळायचं. मनगट भरून येतं आणि हाती अर्धा कप लागतो. एका आजारी माणसासाठी घरातली एक बाई अर्धा तास अडकायची. म्हणून तो फक्त आजाऱ्यालाच मिळायचा. डॉक्टरी कारणापेक्षा हे कारण मोठं होतं.

ते मोडलं मोटरने. मुंबईत सीमेन्समध्ये काम करणारे इंजिनिअर सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा ब्राउन कंपनीचा परदेशी मिक्सर आपल्याकडचं वाटण वाटता वाटता बंद पडला. तो आपल्या मसाल्यांसाठी बनलेलाच नव्हता. दणकट मोटरचा देशी मिक्सर बनवायचा या हट्टातून १९६३मध्ये कंपनी निघाली आणि त्यातून ‘सुमीत’ आला. ऐंशीच्या दशकात लग्नात मुलीला सुमीत देणं हे सोन्याच्या खालोखाल झालं होतं. तो घेतला जायचा चटणी-इडलीसाठी. ज्यूसचं भांडं नंतर, जोडीला आलेलं बिऱ्हाड.

भिवंडीत मात्र मोटरला एक प्रतिस्पर्धी होता: माग. आमचं गाव यंत्रमागांचं. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले जुने माग इथे येऊन पुन्हा चालले. १९८२च्या गिरणी संपानंतर तर कापडाचं कितीतरी काम इकडे सरकलं. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, अख्ख्या गल्लीचा खटखटाट. वडील एका कारखान्यात मेहताजी होते. ताके मोजायचे, हजेरी लिहायची. वीज ही इथे घरापेक्षा आधी कारखान्याची गोष्ट होती आणि ती दोघांनाही पुरत नव्हती. व्होल्टेज इतकं खाली जायचं की मिक्सर गुरगुरायचा, फिरायचा नाही. २००५-०६च्या लोडशेडिंगमध्ये आईला घड्याळ बघावं लागत नसे. मागांचा आवाज एकदम थांबला की लाइट गेली. तो सुरू झाला की ती खोबरं घेऊन मिक्सरकडे पळायची. शेजारच्या खाला रमजानमध्ये इफ्तारच्या आधी कलिंगडाचा रस काढायच्या, तोही याच तालावर. नाहीच आली लाइट, तर चमच्याने गर कुस्करून, चाळणीतून. चव तीच, म्हणायच्या त्या, फक्त हात दुखतो.

जानेवारी २००७पासून भिवंडीचं वीजवितरण टोरेंट पॉवरकडे गेलं. सरकारी वीज कंपनीने एका अख्ख्या शहराचं वितरण खासगी फ्रँचायझीला देण्याचा देशातला हा सुरुवातीचा प्रयोग. बिलांवरून मोर्चे निघाले, आजही भांडणं आहेत, त्यावर वेगळा लेख होईल. पण हळूहळू लाइट टिकायला लागली, हे आमच्या स्वयंपाकघराने पाहिलं. त्याच सुमाराला टीव्हीवर सकाळी योग आणि घरगुती उपचारांचे कार्यक्रम जोरात होते. वडिलांना नुकतीच शुगर निघाली होती. लाइट होती, मिक्सर होता आणि उपायही सांगितला जात होता: दुधीचा ज्यूस, अनशापोटी.

इथे ती जुनी ओळख आडवी येते. ज्यूस औषध आहे. औषध कडू असतं. म्हणजे कडू ज्यूस हे चांगलं औषध.

दुधी हा काकडी-भोपळ्याच्या कुळातला. या कुळात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. एरवी ती नगण्य असतात, पण एखाद्या फळात वाढतात, आणि बाहेरून ते ओळखू येत नाही. २०१०मध्ये दिल्लीत कडू दुधीचा ज्यूस प्यायल्यावर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. शास्त्रज्ञाचा, हे पुन्हा वाचा. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने अशा घटना तपासल्या. उलट्या, रक्ताची उलटी, जुलाब, रक्तदाब कोसळणं. यावर उतारा नाही, फक्त लक्षणांवर उपचार. तरी २०१८मध्ये पुण्यात पुन्हा एका महिलेचा जीव गेला.

समितीचा सल्ला इतका साधा होता की तो माझ्या आजीनेही दिला असता. रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखा. कडू लागला तर अख्खा दुधी फेका. कडू ज्यूस अजिबात पिऊ नका. दुधीचा रस दुसऱ्या रसात मिसळू नका. पिऊन मळमळलं, उलटी झाली तर थेट हॉस्पिटल गाठा. मिसळू नका यामागचं कारण आपल्या घरात शोधायला नको: कारलं-दुधी एकत्र केलं की कडूपणा कुणाचा हे जिभेला कळणार कसं?

भाजी करताना बाई मीठ बघायला चाखते. नारळाचं दूध पिळताना चाखते. मिक्सर दोन मिनिटांत गाळून ग्लास हातात देतो, आणि पिणारा नाक दाबून एका दमात रिकामा करतो, कारण त्याला चव घ्यायचीच नसते, बरं व्हायचं असतं. माझी आई मात्र सवयीने चाखायची. दोनदा तिने दुधी फेकला आणि दोन्ही वेळा वडील चिडले, “अगं, औषध आहे ते, कडू असणारच!” त्यांना पुढे दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समजावलं, तेही वेगळ्याच कारणाने: साखर आटोक्यात ठेवायची तर फळ चावून खा, ग्लास नको. एका ग्लासाला तीन-चार मोसंबी लागतात. त्यांची सगळी साखर राहते आणि चोथा टोपलीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या सूचनांतही फळांच्या रसातली साखर मधाच्या आणि वरून घातलेल्या साखरेच्या रांगेत बसवली आहे. पोटात गेल्यावर दोघींत फरक फारसा नाही.

आता भिवंडीत मागांपेक्षा गोडाउनं जास्त दिसतात. मानकोली, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर स्वस्त जागा, म्हणून इथे माल उतरायला लागला. २०१७मध्ये जकात गेली, गोडाउनं राहिली. तुम्ही मोबाइलवरून मागवलेला कोल्ड प्रेस ज्यूसर बहुधा इथल्याच एखाद्या पत्र्याच्या शेडमधून निघाला असेल. पूर्वी माग चालवणाऱ्यांची मुलं आज तिथे खोकी स्कॅन करतात.

माझा मामेभाऊ अशाच एका गोडाउनात आहे. मागच्या दिवाळीला त्याने आम्हाला एक ज्यूसर आणून दिला. सोबतच्या पुस्तिकेत बावीस ज्यूस आहेत, दुधी-आले-पुदिना त्यातला चौथा. चाखण्याबद्दल ओळ नाही. आईने ती वाचली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. वडील आता संत्रं सोलून खातात, बिया खिडकीतल्या कुंडीत पुरतात. ज्यूसर चालतो तो रविवारी, बांगडे आणले की. खवलेला नारळ, थोडं कोमट पाणी, पहिलं दूध वेगळ्या पातेल्यात, आमसुलं आधीच भिजत घातलेली.