केस की देवमाशाची पट्टी? : आर्द्रतामापनाच्या इतिहासातील एक वाद

हवेतील पाण्याची वाफ दृष्टीस पडत नाही. त्यामुळे तिच्या मापनासाठी प्रारंभापासून दुसऱ्या एखाद्या पदार्थाची साक्ष काढावी लागली. सतराव्या शतकातील साधनांत ओलाव्याने फुगणारे लाकूड किंवा पीळ बदलणारी तात वापरली जाई. आर्द्रता वाढली, एवढे ती सांगत. किती वाढली, हे मात्र सांगू शकत नसत.

जिनिव्हाचा ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर याने १७८३ मध्ये आर्द्रतामापनावर ग्रंथ प्रसिद्ध केला. मानवी केस सोड्याच्या द्रावणात उकळून त्याने त्यातील स्निग्धांश काढला व त्याचे टोक काट्याला जोडले. अतिशुष्क हवेपासून संपृक्त हवेपर्यंत केस जेमतेम दोन ते अडीच टक्के लांबतो. काट्यामुळे ही अल्प वाढ वाचता येऊ लागली. क्षारांनी कोरडी केलेली हवा म्हणजे ० अंश आणि आतून ओल्या केलेल्या काचेच्या हंडीतील हवा म्हणजे १०० अंश, असे त्याने ठरविले.

यास आक्षेप घेतला तो इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या त्याच्याच गावच्या झाँ-आंद्रे द्ल्यूकने. संपृक्तीच्या जवळ केस उलट वागतो, सबब देवमाशाच्या तोंडातील शृंगमय पट्टी आडवी कापून वापरावी आणि ती प्रत्यक्ष पाण्यात बुडवून कमाल बिंदू ठरवावा, असे त्याचे म्हणणे. सोस्यूरने १७८८ मध्ये केसाची बाजू मांडणारा स्वतंत्र लेख लिहिला. काटा हवेचा ओलावा दाखवितो की केसाचा, हा द्ल्यूकचा प्रश्न रास्तच होता. परंतु त्याचे उत्तर केसात वा पट्टीत सापडणारे नव्हते.

ते मिळाले वाफेच्याच अभ्यासातून. दिलेल्या जागेत किती वाफ मावेल हे तापमानावर ठरते, तेथे हवा आहे की नाही यावर नव्हे, असे जॉन डाल्टनने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दाखविले. थंड पात्रावर दव ज्या तापमानास धरते, त्यावरून वाफेचा दाब काढता येऊ लागला. या कसोटीवर गे-ल्यूसाकने सोस्यूरची मापनपट्टी तपासली, तेव्हा हवेत निम्मी संपृक्ती असताना केसाचा काटा ५० वर नव्हे, तर सुमारे ७२ वर असल्याचे आढळले! समान अंशांची पट्टी म्हणजे समान आर्द्रता, हे गृहीतच ढासळले.

पुढे डॅनियलचा दवबिंदुमापी (१८२०) आणि बर्लिनच्या औगुस्टची कोरड्या व ओल्या गोलाच्या तापमापकांची जोडी आली. केस मात्र बाद झाला नाही. गोलावरील ओले कापड कडाक्याच्या थंडीत गोठते, तेथे केस उपयोगी पडतो. फिरत्या पिंपावर आर्द्रतेचा आलेख काढणाऱ्या यंत्रांत तो विसाव्या शतकातही होता. त्याची नोंद मात्र तापमापकांच्या जोडीशी ताडून घ्यावी लागे.